नाखव्याच्या बंगल्यातली डोलकाठी

मित्रांनो, दिघीच्या खाडीकाठी एक जुनं घर आहे. गावात त्याला ‘नाखव्याचा बंगला’ म्हणतात. त्याच्या दिवाणखान्यात मधोमध एक उंच, गोल खांब उभा आहे. आल्यागेल्याला तो खांब वाटतो. पण ती मी आहे. मी गलबताची डोलकाठी, जिच्यावर शीड चढवतात ती. माझा पाय दिवाणखान्यात, कंबर वरच्या मजल्याच्या फळ्यांत आणि डोकं कौलांच्या वर. म्हणून मला घरातलंही दिसतं आणि खाडीतलंही.

आज सकाळपासून माझं सगळं लक्ष खाडीकडे आहे. आगरदांड्याहून फेरीबोट यायची आहे आणि तिच्यातून शाळेची एकतीस मुलं येणार आहेत. बंगला आज पहिल्यांदा लोकांना बघायला उघडतो आहे. ओसरी झाडून झाली. दाराला आंब्याच्या डहाळ्या लागल्या. राखणदार अनंता इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्यांदा फाटकापर्यंत जाऊन आला. मला तर वाटतंय, शीड चढवावं आणि मुलांना आणायला आपणच निघावं.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. परवा, सोमवारी, मला कापायला माणसं येणार आहेत. माझे तीन तुकडे करायचं ठरलं आहे, कारण अख्खी मी या घराच्या कुठल्याच दारातून बाहेर निघत नाही. असं का ठरलं तेही सांगते. बोट अजून पलीकडच्या धक्क्याला आहे. ती येईपर्यंत माझी गोष्ट ऐका.

मी मूळची मलबारच्या डोंगरातली. झाड होते तेव्हा सरळ वाढले, एवढाच माझा गुण. मला तोडलं, नदीतून तरंगत बंदरावर आणलं आणि तिथे बाबाजी नाखव्याने मला पसंत केलं. नाखवा म्हणजे गलबताचा मालक. त्याने माझ्या बुंध्यावर थाप मारली आणि भाव न करता मला घेतलं.

वीस वर्षं आम्ही समुद्रावर होतो. मलबारातून कौलं आणि लाकूड आणायचं, इथून मीठ आणि सुकी मासळी न्यायची. वारा सुटला की मी वाकत असे. मोडले कधी नाही.

मग आगबोटी आल्या आणि माल त्यांच्याकडे गेला. आमचं गलबत खाडीच्या चिखलात उभं राहिलं. लोक म्हणाले, नाखवा, फोडा आणि जळणाला विका. बाबाजीला ते मानवलं नाही. ज्या रघू सुताराने गलबत बांधलं होतं त्यालाच त्याने बोलावलं आणि सांगितलं, आता याचं घर कर.

रघूने जन्मात घर बांधलं नव्हतं. भिंती गवंड्यांनी जांभ्या दगडाच्या उभ्या केल्या, बाकी सगळं रघूने गलबतासारखंच केलं. छपराला गलबताच्या बरगड्या उलट्या बसवल्या आणि मजला दिवाणखान्याच्या अर्ध्याच भागावर घातला, म्हणून उरलेल्या भागातून त्या खालूनही दिसतात. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासला. जिना शिडीसारखा उभा केला. जमीन मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती ठेवली, भिंतीच्या पायाशी भोकं ठेवली. लाट आत आली तर पाणी बाहेर जायला नको का, असं त्याचं म्हणणं. दिवाणखान्यात लाट कुठून येणार, हे त्याला कोणी विचारलं नाही. गावाने थट्टा मात्र सोडली नाही. नाखव्या, भरतीला घर सुटून जाईल, नांगर टाकून झोप, असं लोक येता-जाता म्हणत.

मला रघूने मधोमध उभं केलं. खाली दगडात खळगा, वर मजल्याच्या फळ्यांत गोल भोक. दोन्हीकडे माझ्याभोवती आठ-आठ लाकडी पाचरी. खिळा एकही नाही. मग त्याने बाबाजीला एक नेम घालून दिला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून पाऊस लागायच्या आधी पाचरी सैल करायच्या. पाऊस सरला की मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, त्या पुन्हा ठोकायच्या. माणसं असलं काम विसरतात, म्हणून ठोकायचा दिवसही त्याने नेमून दिला. खंडेनवमी. त्या दिवशी घरोघर हत्यारांची पूजा असतेच. आधी मोगरीची पूजा करायची आणि मग सोळा पाचरी ठोकायच्या.

रघू हुशार होता. पण काम सणाला बांधलं की सणाबरोबर कामही राहून जाऊ शकतं, हे त्याच्या मनात आलं नसावं.

बाबाजीच्या मुलांनी पुढे घर दाऊदशेटना विकलं. त्यांचा तांदळाचा व्यापार होता आणि एक भाऊ आफ्रिकेत जंगबारला होता. त्यांनी खिडक्यांच्या कमानींत लाल, हिरव्या आणि पिवळ्या काचा बसवल्या. दुपारी चारच्या सुमाराला ते रंग माझ्या अंगावर येतात. समुद्रावर असताना असा पोशाख मला कोणी चढवला नव्हता. दाऊदशेट स्वतः पूजा करत नसत, पण खंडेनवमीला रघूच्या मुलाला न चुकता बोलावत. सण तुमचा, घर आमचं, असं म्हणून त्याला पोटभर जेवू घालत आणि पाचरी ठोकून घेत. त्यांच्या बायकोने आणखी एक चाल पाडली. दर ईदला मुलांना माझ्याशी पाठ लावून उभं करायचं आणि त्यांच्या उंचीची खूण माझ्यावर कोरायची.

त्यांच्यानंतर आताच्या मालकाचे, विनेशचे आजोबा आले. त्यांचा बर्फाचा कारखाना होता. त्यांनी माझ्यात खिळे ठोकून विजेच्या तारा नेल्या आणि मला हिरवा तेलरंग फासला. माझ्या अंगाला जाळी टेकवून ठेवत, बोंबलाचा वास वर्षभर जात नसे. तरी मुलांच्या उंचीच्या खुणा त्यांनीही केल्या. विनेशची सातव्या वर्षाची खूण आहे. मग सगळे मुंबईला गेले आणि घराला कुलूप लागलं. बारा वर्षं मी आणि वटवाघळं. पाचरी कोणी ठोकल्या नाहीत, पण वर चालणारंही कोणी नव्हतं, म्हणून निभावलं.

कुलूप उघडलं ते अनंता आणि तुळशीने. विनेशने त्यांना राखणीला ठेवलं. अनंता बाहेरचं बघायचा, विहीर, नारळी, कुंपण. घर तुळशीचं. ती रघू सुताराची पणती. पहिल्याच दिवशी तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नवऱ्याला सांगितलं, ही आमच्या पणज्याने उभी केली. दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन पणज्याची मोगरी घेऊन आली.

तिने माझा हिरवा रंग महिनाभर खरवडला. खिळे उपटले. मला गोडं तेल चोळलं. सव्वीस वर्षं तिने पावसाआधी पाचरी सैल केल्या आणि खंडेनवमीला ठोकल्या. वरच्या पाचरींसाठी ती जिन्याने मजल्यावर जायची, अनंता मागून हळदकुंकवाचं ताट घेऊन जायचा. त्याला वाटायचं, ही पूजाच आहे. गणपतीला दूर्वा, तसे डोलकाठीला मोगरीचे ठोके. तिने कधी समजावून सांगितलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.

एकदा ती म्हणाली, माझीपण उंची घ्या. अनंता म्हणाला, तू आता काय वाढणार? ती म्हणाली, म्हातारपणी किती खचले ते बघायला. त्याने कोयत्याच्या टोकाने खूण केली. चार फूट दहा इंच.

बंगला लोकांना दाखवायचा, हा हट्टही तिचाच. विनेश आला की ती मागे लागायची. बंद ठेवून घर टिकत नाही, माणसं येऊ दे, असं सांगायची. मुलांना काय काय दाखवायचं हे तिने ठरवूनही ठेवलं होतं. गेल्या वर्षी विनेश एकदाचा हो म्हणाला. ज्येष्ठात तिने नेहमीप्रमाणे पाचरी सैल केल्या. श्रावणात ती गेली. चार दिवसांचा ताप.

खंडेनवमी आली. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे. अनंताने ताट मांडलं नाही. मोगरी खिळ्यावर होती ती तिथेच राहिली. तुळशीच्या कुठल्याच वस्तूला तो हात लावत नसे. तिची चप्पल, तिचा कंगवा, तिची मोगरी, सगळं जसंच्या तसं. मोगरीवर आधीच्या वर्षीची हळद होती, तीसुद्धा तो पुसू द्यायचा नाही. सकाळी उठला की तेवढा माझ्याजवळ यायचा आणि चार फूट दहा इंचांच्या खुणेवर तळहात ठेवून उभा राहायचा.

हिवाळ्यात माझं अंग सुकलं. सैल पाचरी आणखी सैल झाल्या. वर कोणी चाललं की मी हलू लागले. बंगला उघडायचा म्हणून विनेशने सुचिता नावाच्या इंजिनिअर बाईंना आणलं. त्या चांगल्या आणि काळजीने काम करणाऱ्या. त्यांनी माझ्या पायाशी ठोकून पाहिलं, तर पोकळ आवाज आला. पाय आतून वाळवीने खाल्ला असावा, असं त्या म्हणाल्या. त्यांनी अनंताला सरळ विचारलं होतं, या लाकडाची दरवर्षी काही देखभाल असते का? अनंता म्हणाला, न्हाय मॅडम, फक्त पूजा असते.

तिथे माझं ठरलं. पाऊस लागायच्या आत लोखंडी खांब उभा करायचा. रात्रभर विचार करून अनंताने विनेशला एवढंच विचारलं, की कापल्यावर खुणेचा तुकडा मला मिळेल का.

हे बघा, बोट धक्क्याला लागली. मुलं धावतच येताहेत.

विनेश फाटकात उभा आहे. सुचिताबाईही आल्या आहेत, वर कोणी जाऊ नये म्हणून जिन्याला दोरी बांधून त्या तिथेच थांबल्या आहेत. माझ्या गळ्यात पाटी आहे, ‘कृपया हात लावू नये’. घर दाखवायचं काम अनंताचं. तुळशी बोलायची तसं आपल्याला बोलता येत नाही, हे तो सकाळपासून स्वतःलाच सांगतो आहे. मुलं आत आली आणि त्याच्या तोंडून शब्दच निघेना.

मग त्याला तुळशीने ठरवलेली पहिली गोष्ट आठवली. तो म्हणाला, “सगळी आडवी व्हा. उताणी.”

मुलांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसले. एकतीस मुलं जमिनीवर आडवी झाली आणि त्यांनी वर बघितलं. मग एक मुलगी म्हणाली, “होडी आहे. आपण होडीच्या खाली आहोत.”

झालं, अनंताची जीभ सुटली. त्याने बाबाजी नाखवा सांगितला, रघू सुतार सांगितला. विहिरीतून कळशीभर पाणी आणून दिवाणखान्यात ओतलं. पाणी दोन वाटांनी भिंतीकडे गेलं आणि भोकांतून बाहेर पडलं, ते बघायला अर्धी मुलं बाहेर पळाली आणि ओतायला अर्धी आत राहिली. सहा कळशा झाल्या. विनेशने दाऊदशेटच्या खिडक्या उघडमीट करून रंग दाखवले. मुलांचे सदरे लाल-हिरवे झाले. अनंता म्हणाला की आमच्या बायकोला धुणं-पुसणं कधी जड गेलं नाही, जमीनच तिला मदत करायची. हे सांगताना तो हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

मी तर विसरूनच गेले होते, की परवा सोमवार आहे.

तेवढ्यात आवडाबाई आली. ती रोज मासळीची टोपली घेऊन मागच्या दाराशी येते. पण तुळशीने तिला कबूल केलं होतं, की बंगला उघडेल त्या दिवशी तू पुढच्या दाराने यायचंस, पाहुणी म्हणून. म्हणून आज ती नवं लुगडं नेसून, टोपली घरी ठेवून, पुढच्या दाराने आली. तिचा बाप शिडाच्या होडीवर तांडेल होता, म्हणजे होडी चालवणारा मुख्य. घर नीट बघायचं म्हणून ती सरळ माझ्यापाशी आली आणि पाटी न वाचता तिने माझ्यावर हात टेकला. मी हलले. कर्र आवाज झाला. सुचिताबाई पटकन पुढे आल्या आणि मुलांना मागे घेऊ लागल्या.

आवडाबाई मागे झाली नाही. ती खाली वाकली. एक पाचर तिने दोन बोटांनी धरली आणि अलगद बाहेर काढली. पाचर हातात घेऊन ती अनंताकडे वळली.

“यंदा पाचरी ठोकल्या न्हाईत व्हय रे?”

“यंदा सण न्हाय केला, आवडाबाई,” अनंता म्हणाला. “घरात दुःख हाय.”

“दुःख तुझ्या घरात हाय. डोलकाठीला कुठलं सुतक?”

अनंताने खळग्याकडे पाहिलं. मग मोगरीकडे. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी वरून नीट पाहिलं. सव्वीस वर्षं ताट धरून उभा राहिलेला माणूस, त्याला आज पहिल्यांदा कळत होतं की ताटासमोर बायको काय करत होती.

सुचिताबाईंनी विचारलं, की या पाचरी सैल आहेत म्हणून तो पोकळ आवाज येत असेल का. आवडाबाई म्हणाली, “बाय, पाय खळग्यात खुळखुळतोय. वाजंल न्हाय तर काय.”

“मग ठोकून बघू,” सुचिताबाई म्हणाल्या.

आता सगळ्यांना घाई झाली. फक्त अनंता जागचा हलेना. मोगरी खिळ्यावर होती. तिच्यावर तुळशीच्या बोटांची हळद होती. धरली की पुसली जाणार.

आवडाबाईने त्याला घाई केली नाही. जरा वेळाने ती हळूच म्हणाली, “मी ठोकू का? पण तिने ती तुझ्यासाठी ठेवलीय.”

अनंता गेला आणि त्याने मोगरी काढली. परत येऊन माझ्या पायाशी बसला. पहिला ठोका हलका पडला. दुसरा जरा बरा. मग त्याच्या हातांना आठवलं असावं. हात ताट धरायचे, पण कान ऐकत होते ना. सव्वीस वर्षं ऐकलेला ठोक्याचा ताल तोच निघाला. दोन हलके, एक जोराचा, पुढची पाचर. मुलं मोजायला लागली. खालच्या आठ झाल्या. सुचिताबाईंनी स्वतः जिन्याची दोरी सोडली, अनंताला वर पाठवलं आणि मागोमाग त्याही गेल्या. वरून ठोके येऊ लागले, खालून मुलांचा आकडा. नऊ. दहा. अकरा.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? बंदर सोडताना खलाशी शीड ताणतात आणि डोलकाठीच्या अंगातून खालपासून वरपर्यंत एक जोर जातो. सव्वाशे वर्षांनी मला तसं वाटलं. सोळावी पाचर बसली आणि घर गप्प झालं.

सुचिताबाई वरच्या मजल्यावर चालल्या. मग पाय आपटून चालल्या. मी हलले नाही. खाली येऊन त्यांनी माझ्या पायाला बारीक गिरमिटाने भोक पाडलं. दुखलं नाही. भुसा तळहातावर घेऊन त्यांनी तो उन्हात नेला, चुरडला, हुंगला. कोरडा, लालसर, चांगला भुसा. वाळवी नाही, सड नाही.

“माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “मी लाकूड तपासलं, पाचरी बघितल्याच नाहीत.”

“न्हाय मॅडम,” अनंता म्हणाला. “तुम्ही विचारलं होतं. मीच म्हणालो, फक्त पूजा असते.”

विनेशने तिथल्या तिथे फोन लावला आणि सोमवारची माणसं येऊ नयेत असं सांगितलं. मुलांनी एवढा आरडाओरडा केला की पलीकडे कोणी काय विचारलं ते त्याला ऐकूच गेलं नाही.

मग मुलं हट्टाला पेटली. आम्हालाही एक ठोका मारू द्या. अनंताने मोगरीकडे पाहिलं. हळद आता दांड्यावरून त्याच्या हाताला लागली होती. त्याने मोगरी सगळ्यात पुढच्या मुलीच्या हातात दिली. एकतीस मुलांनी एकतीस ठोके मारले. शेवटचा आवडाबाईने मारला आणि म्हणाली, की आता माझा चहा कुठाय, मी पाहुणी आहे.

चारच्या बोटीने मुलं गेली. आता संध्याकाळ झाली आहे. अनंताने मोगरी पुन्हा तिच्या खिळ्यावर लावली. पुसून, तेल लावून. मग माझ्या गळ्यातली पाटी काढली, मागच्या कोऱ्या बाजूला खडूने काही लिहिलं आणि परत अडकवली. त्यावर लिहिलं आहे, ‘पावसाआधी पाचरी सैल करायच्या, खंडेनवमीला ठोकायच्या. सण असो नसो.’

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, कोणाच्या तरी आठवणीची असेल, तर तिला हारात आणि कपाटात ठेवून देऊ नका. ती हातात घ्या. तिचं काम काय होतं ते विचारून घ्या, सांगणारं माणूस जवळ आहे तोवरच विचारून घ्या. आणि येत्या खंडेनवमीला आगरदांड्याची बोट धरून इकडे या. पाचरी सोळा आहेत, मोगरी एकच आहे, तुम्ही कितीही आलात तरी चालेल.

अनंता आता आला आहे माझ्याजवळ. रोजच्यासारखा तळहात खुणेवर ठेवतो आहे. आज त्याने हाताला जरा जोर दिला, मी हलते का ते बघायला.

मी हलले नाही.